मुडबीच्या मांडवातली बेडकांची कव्वाली

बसवकल्याणच्या स्टँडवरून मुडबीची बस सुटता सुटता एक भोंगा आत शिरला.

भोंगा म्हणजे खराखुरा, पत्र्याचा, लग्नात झाडाला बांधतात तो. खिडकीशी बसलेल्या शोभाला आधी नुसता भोंगाच दिसला. मग त्याच्याखाली दोन चपला दिसल्या. आणि मग भोंग्याच्या कडेवरून दोन डोळे हळूच वर आले आणि थेट तिच्यावर येऊन थांबले.

"बाई, येवढं धरता का जरा? माझे दोनी हात गुतलेत."

त्याच्या काखेत एक मोठं चौकोनी पाकीट होतं. शोभानं ते ओढून घेतलं. पाकिटावर टाय बांधलेला हत्ती सायकल चालवत होता, आणि त्याच्या मागे शिट्टी फुंकत एक जाडा पोलीस पळत होता. वर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पळाला, पळाला, हत्ती पळाला!'

"उन्हात नका धरू," भोंग्यामागून आवाज आला. "रिकार्ड हाय. ऊन लागलं की वाकतीया."

खिडकीतून चैत्राचं ऊन नुसतं ओतत होतं. शोभानं पाकीट पोटाशी घेतलं आणि त्याच्यावर पदर ओढला. बसमधल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शोभा खिडकीबाहेर बघायला लागली, पण कान मात्र तिचे आतच होते.

"सिनेमाची हाय का?" तिनं शेवटी विचारलंच.

"व्हय. पोरांचा सिनेमा. हैदराबादच्या जुन्या बाजारात मशीन घेतलं, त्या दुकानदारानं वर फुकट दिली. म्हनला, घेऊन जा, कुनी घेईना झालंय."

"सिनेमा कसा हाय?"

"कुनाला ठाव? म्या बघितला न्हाई. बसवकल्याणला आला न्हाई, हुमनाबादला आला न्हाई, आमच्या हुलसूरच्या तंबूत तर यायचा सवालच न्हाई. गाणी तेवढी वाजवतोय."

"आन् गाणी कशी हायत?"

भोंगा जरा खाली झाला आणि सबंध चेहरा दिसला. सावळा, घामेजलेला, आणि चेहराभर हसू.

"तुमी ऐका. मग तुमीच सांगा."

अशी झाली भीमराजची आणि शोभाची ओळख. शोभा मुडबीच्या बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गातली अर्धी पोरं घरी मराठी बोलायची, अर्धी कन्नड, आणि भांडायला लागली की सगळी दखनी. भीमराज हुलसूरचा. भोंगा, मशीन आणि रेकॉर्डी घेऊन गावोगावच्या लग्नांत वाजवायचा. त्या दिवशीही मुडबीच्या एका लग्नाला निघाला होता. लग्न उरकल्यावर दुसऱ्या सकाळी, सामान बांधायच्या आधी, तो बालवाडीच्या कडुलिंबाखाली येऊन उभा राहिला.

"काल तुमी रिकार्ड सांभाळली न्हवं," तो म्हणाला. "ते फेडाय आलोय."

पोरं मशीनभोवती बसली. सुई टेकली. जरा वेळ खरखर... आणि मग एक मोठं पितळी वाद्य असं काही डुलत डुलत चालायला लागलं, की पोरांनी मागे वळून पाहिलं. खरंच कुणीतरी जड पायांचं येतंय की काय!

काय होतं त्या रेकॉर्डमध्ये, हे विचारण्यापेक्षा काय नव्हतं ते विचारा. हत्तीच्या चालीमागून माकडाच्या शिंपीकामाचं गाणं, त्याचा सगळा ताल शिलाई मशीनचा. मग दोन स्वैपाकिणींचं भांडण, तेही जात्यावरच्या ओवीच्या चालीत. एक गाणं पोलिसाचं, त्यात शब्दच नाही, नुसती शिट्टी, पण त्या शिट्टीतून पोलीस दमलाय हे कळायचं. एक विलायती नाच, त्यात पेटीसारखं कुठलंसं वाद्य गिरक्या घ्यायचं. एका बाजूच्या शेवटी सारंगीवरचं अंगाईगीत, लहान मुलीच्या आवाजातलं. ते लागलं तेव्हा भांडखोर पोरंही गप्प झाली.

आणि दुसऱ्या बाजूला बेडकांची कव्वाली! 'डबकं आपलं, दर्या आपला,' असं म्हणत म्हातारा बेडूक तान घेतो, मागून सगळे बेडूक टाळ्या पिटतात, आणि ऐन रंगात म्हाताऱ्याचा दम तुटतो. एक क्षण शांतता. मग एक चिमुकला बेडूक पातळ आवाजात तीच ओळ उचलतो, आणि मागे कुणालातरी हसू फुटतं. ते हसू गाण्यातलं नव्हतं. गाता गाता खरंच कुणीतरी हसलं होतं, आणि रेकॉर्ड करणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

शोभाला ते हसू फार आवडलं. "परत लावा," ती म्हणाली. भीमराजनं परत लावलं. ती परत त्याच जागी हसली. आणि तो रेकॉर्डकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला. सुई शेवटाला जाऊन खरखरायला लागली तरी त्याच्या लक्षात येईना.

"संपली की हो," शोभा म्हणाली.

"आँ? ...व्हय, संपली."

पुढे मुडबीत लग्न असो वा नसो, भीमराजची मुडबीला काही ना काही कामं निघायला लागली. पोरं घरी गेली की दोघं लिंबाखाली बसायची. मोहोराची बारीक फुलं मशीनवर पडायची, ती तो फुंकरीनं उडवायचा. सिनेमा दोघांनीही पाहिला नव्हता, त्यामुळे नुसत्या गाण्यांवरून गोष्ट रचायची, हा त्यांचा खेळ होऊन बसला.

"हत्ती सर्कशीतनं पळाला," भीमराज सांगायचा. "खायला कमी घालायले त्याला."

"ह्या! येवढं गोड गाणाऱ्या सिनेमातला हत्ती खाण्यापायी पळंल व्हय?"

"मग कामून पळाला?"

"ती अंगाई गाणारी पोरगी हाय न्हवं, तिला शोधाय."

"ती तर राजाची लेक. पाळण्यातल्या भावाला गातीया."

"राजाच्या घरी पाळणा हलवाय दाया असत्यात. ती माहुताची लेक हाय. ती भावाला न्हाई... हत्तीला झोपवायलीया."

भीमराजनं मशीनवरची फुलं फुंकरीनं उडवली. मग म्हणाला, "बाई, येवढ्या साऱ्या लग्नांत वाजवली म्या ही रिकार्ड. मला न्हाई सुचलं हे."

"आन् मला तर येकच कळंना," शोभा म्हणाली. "मांजरीची भांडणं, कव्वाली, विलायती नाच, अंगाई... येवढं सगळं येकाच माणसाच्या डोक्यात कसं मावलं असंल?"

"मांजरी कुठं हायत? स्वैपाकिणी हायत त्या."

"भांडणं तरी मांजरीवानीच हायत न्हवं!"

असं तासन् तास चालायचं. सगळं बोलायचा भीमराज, तेवढं एक सोडून. शोभाला ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं, पण ओठांपर्यंत काही यायचं नाही. आणि शोभाही हट्टी. आपण आधी बोलायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. जीव मात्र त्याच्यावर जडून गेला होता, त्यात काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

मधल्या काळात त्या रेकॉर्डनं सगळ्या मुलखाला वेड लावलं. झालं असं, की एका लग्नात जेवायला हाका मारणाऱ्याचा घसा बसला. भीमराजनं बेडकांची कव्वाली लावून दिली, आणि काय वाजतंय ते बघायला आलेलं गाव पंगतीला बसलं. पुढच्या लग्नातही तसंच. होता होता ती रीतच पडली. हत्तीची चाल वाजली की वऱ्हाड वेशीत आलं. अंगाई वाजली की नवरी निघाली, बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आणि बेडूक गायला लागले की पंगत बसली. मुडबीपासून हुलसूरपर्यंत लहान पोरालाही हे पाठ झालं. बेडकांचा आवाज आला, की माणसं आपापला तांब्या उचलून मांडवाची वाट धरायची. आमंत्रण देणाऱ्याचं निम्मं काम बेडकांनीच उचललं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या लग्नसराईत शोभाच्या काकांनी, बाबूलालनं, आपल्या लेकीचं लग्न काढलं. नवरदेव आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचा. लग्न बौद्ध पद्धतीनं, वंदना झाली की जेवणं. भोंगा अर्थातच भीमराजचा. लग्नाच्या आदल्या दिवशी शोभाचे वडील, नरसिंग, तिला म्हणाले, "उद्या वऱ्हाडासंगं नवरदेवाची आत्या येनार हाय, भागाबाई. तिचा ल्योक गुलबर्ग्यात कारकून हाय. तुला बघून जाईल. म्या व्हय म्हनून सांगितलंय."

"अप्पा, मला विचारलं न्हाई तुमी."

"बघाय येनार हाय, घेऊन जायला न्हाई," अप्पा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात एक ठरवून टाकलेपण होतं.

लग्नाच्या सकाळी भीमराज लिंबाच्या फांदीला भोंगा बांधत होता. शोभा फुलांची टोपली घेऊन खालून गेली, पुढे गेली, आणि परत आली.

"आज मला बघाय येनार हायत."

दोरीचा पीळ तसाच त्याच्या हातात राहिला. "...कोन?"

"वऱ्हाडातली बाई. तिच्या ल्योकासाठी."

"...बरं."

"बरं?"

"न्हाई... म्हंजे... म्या काय..."

"काई न्हाई. बांधा तुमी भोंगा."

शोभा फुलांची टोपली घेऊन मांडवात निघून आली. नवरीच्या मैत्रिणींत बसली, फुलं निवडायला लागली, आणि फुलं दिसेनाशी झाली. डोळ्यांत एवढं पाणी साचलं होतं. मान वर केली तर समोर मशीनजवळ भीमराज. तो तिच्याकडेच बघत होता. एवढ्या माणसांत तो उठून येऊ शकत नव्हता, एक शब्द बोलू शकत नव्हता. त्याच्या हाताशी होत्या त्या फक्त रेकॉर्डी.

त्यानं एक रेकॉर्ड उलटी केली आणि सुई ठेवली.

'डबकं आपलं, दर्या आपला!'

म्हातारा बेडूक गायला. टाळ्या झाल्या. दम तुटला. चिमुकल्या बेडकानं ओळ उचलली, मागून ते हसू फुटलं... आणि शोभाही हसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि ती हसत सुटली. त्यानं पाहिलं. त्याचा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मुडबीत दोनच माणसं होती आणि ती दोघं अगदी सुखात होती.

बाकीची मुडबी मात्र तांब्या उचलून निघाली होती.

गल्लीगल्लीतून माणसं आली. म्हातारे आले, पोरं आली, लेकुरवाळ्या आल्या आणि मांडवात ओळीनं मांडी घालून बसल्या. आचारीही फसले. कव्वाली वाजली म्हणजे मालकाचा हुकूम झाला, असं समजून त्यांनी पत्रावळी टाकल्या, भात वाढला, गव्हाची गोड हुग्गी वाढली. बाबूलाल घरात नवरीला निरोपाचं काही सांगत होते. ते बाहेर येईपर्यंत पहिला घास गावाच्या तोंडात गेला होता.

आणि वेशीतून वऱ्हाडाचा ट्रॅक्टर आत आला.

आता पहिली पंगत वऱ्हाडाची, हे काही कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. पाहुणा दारात आणि गाव आधी जेवतंय, ह्याहून मोठा अपमान तिकडच्या लग्नात नसतो. सगळ्यांच्या पुढे भागाबाई होत्या. पांढरं लुगडं, हातात काठी. त्या मांडवाच्या तोंडाशी थांबल्या. त्यांच्या मागे नवरदेव थांबला, त्याच्या मागे सगळं वऱ्हाड.

"बाबूलाल," भागाबाई म्हणाल्या, "आमी उपाशी येतोय ते ठाव न्हवतं का तुला?"

बाबूलालनं जेवणाऱ्या पंगतीकडे पाहिलं. ते वळले आणि भीमराजवर धावले. "कुनी सांगितलं रे तुला बेडूक लावाय? त्येच्यानंच गाव जेवाय बसलं की!"

"कुनी न्हाई काका. चूक माजी. हात चुकला."

"हात चुकला? रिकार्ड उलटी करून हात चुकतोय व्हय?" कुणीतरी मागून ओरडलं. "टाका ते मशीन आडात!" दोघंतिघं खरंच मशीनकडे निघाले.

"थांबा," भागाबाईंनी काठी आपटली. "मशीन टाकून काय व्हतंय? आमचा अपमान कराय हे कुनीतरी लावाय लावलंय. त्यो कोन, ते कळल्याबिगर म्या मांडवात पाय ठेवत न्हाई. आन् आत्याबिगर पोरगं बोहल्यावर बसत न्हाई."

आतून नवरीचं रडणं ऐकू यायला लागलं. भीमराज लिंबाला पाठ लावून उभा होता. चेहरा पांढराफटक, पण तोंडाला कुलूप. त्यानं शोभाकडे एकदाही पाहिलं नाही. आणि तो का पाहत नाही, हे शोभाला इतकं स्वच्छ कळलं, की तिला तिच्याच हट्टाची लाज वाटली. गप्प राहिली तर आपलं नाव सुरक्षित राहील, अप्पांचा शब्द राहील. पण ह्या माणसाला ह्या मुलखात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. बोलली तर अप्पांची मान खाली जाणार.

ती उठली. मांडीवरची फुलं खाली सांडली.

"आत्या, ते माज्यासाठी लावलं."

सगळा मांडव वळला. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तू कोन गं?"

"नरसिंगची लेक. शोभा."

भागाबाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे तुलाच बघाय आलोय की म्या!"

"व्हय. म्हनून तर लावलं."

"म्हंजे?"

"मला रडाय यायलेलं. मी रडू न्हाई म्हनून ह्यांनी लावलं. मला ते गाणं ऐकलं की हसू येतंय. दुसरं काई त्यांच्या मनात न्हवतं. कुनाचा अपमान तर न्हवताच."

"आन् तुला रडाय कामून यायलेलं?"

पंगतीतल्या माणसांचे हात पत्रावळीवर थांबले होते.

"तुमी बघाय येनार म्हनून," ती म्हणाली. "राग मानू नका. तुमचा ल्योक चांगलाच असंल. पन माजं मन... दुसरीकडं हाय."

मग नरसिंग पुढे झाले. शोभानं डोळे मिटून घेतले. पण अप्पा तिच्याकडे आलेच नाहीत, ते भागाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "लेकीला न इचारता म्या तुमाला बोलावलं. ती माजी चूक. पन पंगतीचं येक सांगतो. आपन दीक्षा घेतली तवा हे पहिल्या-दुसऱ्या पंगतीचं सोडून दिलं न्हवं? लोकांच्या शेवटच्या पंगतीला बसून बसून आपले आजे-पणजे गेले. आता आपल्याच मांडवात आपन पहिलं-दुसरं करायचं का?"

भागाबाई काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, शोभाकडे पाहिलं, आणि मग भीमराजकडे.

"आन् तू रं?" त्या एकदम कडाडल्या. "पोरगी येवढ्या माणसांत बोलायली, आन् तू झाडाला चिकटून उभा! तुज्या भोंग्याला आवाज हाय, तुला न्हाई व्हय?"

भीमराज झाडापासून पुढे झाला. "हाय," तो म्हणाला.

"मग बोल की."

"मला... मला बी शोभाच पायजे."

पंगतीतून एक म्हातारी खुदकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी ओळ. भागाबाईंनी ओठ दाबून धरले, पण ते फार वेळ टिकलं नाही. "चला रे," त्या वऱ्हाडाला म्हणाल्या. "आधी वंदना. मग गावाच्या शेजारी मांडी घाला, येकाच ओळीत. आन् बाबूलाल, माज्या ल्योकाचं लगीन ठरलं की ह्याच पोराला भोंगा घेऊन पाठव. पन बेडूक म्या सांगितल्यावर गातील."

जेवणारे हात धुऊन उठले, पत्रावळी झाकल्या गेल्या. वंदना झाली, पंचशील झालं, फुलं पडली. मग ओळ पुन्हा बसली, मुडबी आणि मादन हिप्परगा एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. शोभा वाढायला उठली. भीमराज लांब मशीनजवळ उभाच होता.

"भीमराज," अप्पांनी हाक मारली. आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. "बस हितं."

तो आला, अंग चोरून बसला. अप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पावसाळ्यात लगीनं नसत्यात. तवा काय करतोस?"

"शेत हाय थोडं, अप्पा. तूर लावतो. घरी आई हाय."

अप्पांनी बराच वेळ भात कालवला. मग त्याच्या पत्रावळीकडे बोट केलं. "जेव," ते म्हणाले, आणि स्वतःचा घास उचलला.

शोभा हुग्गीचं भांडं घेऊन त्याच्यासमोर वाकली. तिच्या बांगड्या वाजल्या. आजवर तिला तो 'बाई'च म्हणत आला होता.

"शोभा," तो हळू आवाजात म्हणाला.

तिच्या हातातला डाव थांबला. "काय?"

"...न्हाई, काई न्हाई."

"अजून काई न्हाईच का? मला सगळ्या मुडबीसमोर बोलावं लागलं. तुमी तर मला इचारलं बी न्हाई अजून."

भीमराजनं शेजारी पाहिलं. अप्पा एकाएकी वरणात फारच गुंतले होते. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच नजर न चोरता तिच्याकडे पाहिलं.

"हुलसूरला येतीस? ...माज्या घरी?"

शोभाला वाटलं होतं, हे ऐकताना आपल्याला लाज वाटेल, रडू येईल, काय काय होईल. तसलं काहीच झालं नाही. नुसतं खूप बरं वाटलं. तिनं त्याच्या पत्रावळीवर हुग्गी वाढली, आणखी एक डाव वाढली, आणि त्यावर तुपाची धार सोडली.

"येते," ती म्हणाली. "पन आधी जेवा. गार व्हायलंय."